घरात माणसं किती

६ ऑक्टोबर २०२५

दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता तन्वीकडून लिहून घेतला आहे. रागावू नकोस. माझा नंबर तू तीन वर्षांपूर्वी ब्लॉक केलास. वहिनींचा लागतो, पण त्या दर वेळी "ते बाथरूममध्ये आहेत" म्हणतात, आणि कोणी माणूस तीन वर्षं बाथरूममध्ये राहत नाही. टपाल ब्लॉक करता येत नाही एवढं एक बरं आहे.

भांडायला लिहीत नाही. काम आहे, आणि ते माझं नाही, तन्वीचं आहे.

आपल्या धाकट्या भावाची, गुरूची ही मुलगी यंदा सातवीत आली, माझ्याच वर्गात आहे. आपल्या वाडीची शाळा सातवीला संपते. जूनपासून कुडाळला मुलींचं एक नवं वसतिगृह सुरू होतंय. आठवी ते बारावी राहणं, जेवण, शाळा, विज्ञानाच्या शिकवण्या, सगळं फुकट. तालुक्यातून सहा मुली घेणार, त्याही सरकारी शाळांतल्या आणि गरजू घरातल्या. आता गरजू कोण, हे ठरवायला पुण्याच्या एका संस्थेने प्रत्येक शाळेत सर्वेक्षण केलं. एका मुलाच्या घराचा एक फॉर्म, त्यात चौतीस प्रश्न, प्रत्येक उत्तराला गुण. पस्तीसच्या आत गुण आले तर मूल गरजू. तन्वीच्या घराला एकाहत्तर आले.

गणितात मिळाले असते तर पेढे वाटले असते.

चिऱ्यांचं कौलारू घर, त्याचे गुण. विहीर, तिचे गुण. बावीस माड, मोटार, फ्रिज, एसी, घरात माणसं आठ, त्यात तिघं नोकरदार. यातलं खोटं काही नाही, पण खरंही काही नाही. माड सातबाऱ्यावर आपल्या सगळ्यांच्या नावाने आहेत. फ्रिज आणि एसी तुझ्या खोलीत आहेत आणि त्या खोलीला कुलूप आहे. मोटार तुझी. तीन नोकऱ्या म्हणजे तू आणि तुझे दोघे मुलगे. आठ माणसं म्हणजे तुम्ही मुंबईचे सहाजण आणि इथे गुरूची बायको समीक्षा नि तन्वी. गुरू गेल्यापासून दोन वर्षं त्या घरात या दोघीच आहेत. समीक्षा तारकर्लीच्या एका लॉजवर जेवण रांधायला जाते. जून ते सप्टेंबर लॉज बंद असतं. त्या चार महिन्यांत तिचं कसं भागतं ते मी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

आठ कोणी लिहिलं, कसं लिहिलं, ते सोड. असे फॉर्म घाईघाईत भरले जातात.

हरकत घ्यायला नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत आहे. तू साध्या कागदावर एवढंच लिहून द्यायचंस, की तुझं कुटुंब मुंबईत वेगळं राहतं, तुमची चूल वेगळी आहे, आणि समीक्षा-तन्वीच्या खर्चाशी तुझा संबंध नाही. खाली सही. ते तालुक्याच्या कार्यालयात मी देईन.

तू म्हणशील, तुला सरकारी पगार आहे, तू का नाही शिकवत भाचीला? विचारलं होतं. समीक्षा म्हणाली, "वन्सं, तुमचा कायएक नको माका. हक्काचा असात तर घेयन." का म्हणाली ते तिलाच ठाऊक.

पत्राची वाट बघते.

शर्मिला


२३ ऑक्टोबर २०२५

दादा,

आज भाऊबीज. ओवाळून घ्यायला कोणी येणार नव्हतं, म्हणून ताट काढलंच नाही. सकाळपासून तीनदा घर झाडलं. आता शाळेत येऊन बसले आहे. सुट्टी आहे, किल्ली माझ्याकडे असते. घरी ह्यांनी दोनदा विचारलं, कशाला एवढ्या येरझाऱ्या घालतेस. काय सांगणार.

पत्राचं उत्तर तू मला नाही, समीक्षाला फोनवर दिलंस. तिने काल सांगितलं, तेही विहिरीवर, कळशी भरताना, माझ्याकडे न बघता. "भावजी म्हणतत, मी वेगळो म्हणान लिवन देवचंय नाय. उद्या शर्मिला ह्योच कागद कोर्टात दाखवन माजो हिस्सो उडवतली." कोर्ट मी आजवर शाळेच्या सहलीत बाहेरून पाहिलंय, दादा. बसमधून. मुलांना दाखवलं, ते बघा कोर्ट, आणि बस पुढे गेली.

एवढा संशय? मी तुझा हिस्सा उडवीन? तीन वर्षांपूर्वी मी वाटपावर सही केली नाही ती कोणाचाही हिस्सा उडवायला नाही, घर एकत्र राहावं म्हणून. जाताना आबांनी मला सांगितलं होतं, घराचे तुकडे होऊ देऊ नकोस. तुला किनाऱ्याच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. मध्ये गुरूच्या आजारपणाचं नाव तू घातलंस, म्हणजे मला नाही म्हणता येऊ नये. तरी मी म्हटलं. झालं ते झालं.

तन्वीचा यात काय दोष, एवढं सांग.

आणि ऐक, गंमत ऐक. दिवाळीच्या आधी आमच्या शाळेला एक प्रशस्तिपत्र आलं. तालुक्यातली सर्वांत संपन्न शाळा. एकतीस मुलांपैकी गरजू फक्त चार. ते काचेत लावून भिंतीवर टांगलंय, आणि त्याच्याखाली तिसरीतला दत्ताराम बसतो. त्याला गणवेश एकच. पावसाळ्यात तो ओलाच घालून यायचा आणि दहा वाजेपर्यंत शिंकायचा. त्याच्या घरी चारचाकी आहे असं फॉर्म सांगतो. ती त्याच्या मुंबईच्या काकाची. पाच दिवस त्यांच्या खळ्यात उभी होती, सहाव्या दिवशी गेली. पण गुण राहिले.

सारिका बाई, म्हणजे आमच्या दुसऱ्या शिक्षिका, त्या प्रशस्तिपत्राखाली उभं राहून फोटो काढून घ्या म्हणत होत्या. मी नाही काढला.

अजून पाच आठवडे आहेत. लिही.

शर्मिला


१२ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. र अजून तसाच काढतोस, शेपूट लांब. पाकीट फोडण्याआधी मी ते बराच वेळ नुसतं धरून बसले होते, आणि आत बघते तर ओळी दोन. वाटपावर सही कर, मग कागद देतो. आणि फॉर्मवर आठ कोणी लिहिले ते आधी कळव.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते.

मी लिहिले.

सर्वेक्षण ऑगस्टअखेर संपवायचं होतं. तालुक्याच्या सभेत सगळे शिक्षक कुरकुरत होते. घरी माणूस सापडत नाही, एक होडीवर असतो, दुसरा बागेत, तिसरी लॉजवर. मी उभी राहिले आणि म्हटलं, चतुर्थीत करूया, तेव्हा घरोघरी सगळे असतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याची माणसं खूश झाली. सभेत शंभरेक शिक्षक होतो, सगळे इथलेच, इथलंच पाणी प्यालेले, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की तेव्हा सगळेच घरी असतात. ज्यांची वर्षभर खबर नसते तेसुद्धा.

घरं रंगवलेली, खळं सारवलेलं, दारात मोटारी. आणि पहिलाच प्रश्न, घरात माणसं किती? आता तूच सांग, गणपती बसलेला असताना आम्ही वेगळे आहोत असं कोण बोलेल? वर्षभर भाऊ भावाशी बोलत नसेल, तोही आरतीला त्याच्या शेजारी उभा राहून टाळ वाजवतो. ज्याला विचारावं तो छाती पुढे काढून सांगायचा, बारा, चौदा, एका घरात तर बावीस. बावीस माणसांच्या त्या घरात एरवी एक म्हातारी आणि दोन नातवंडं असतात. मी लिहीत गेले.

तिसऱ्या दिवशी आपल्या घरी आले. तू ओटीवर होतास. मला बघितलंस आणि पेपर तोंडासमोर धरलास. मी तुझ्यासमोरून आत गेले. समीक्षा विळीवर नारळ खवत होती. मी विचारलं, "घरात माणसां किती?" ती म्हणाली, "दोगां. मी आनि तन्वी."

तिने बरोबर सांगितलं होतं, दादा. अख्ख्या वाडीत एकटीने बरोबर सांगितलं. आणि मी तिला म्हटलं, "गणपती बसलो आसा गो. आज वेगळा काय म्हनतंस?" तिने विळीचं पातं बोटाने पुसलं. "तुमका होया तां लिवा," म्हणाली.

मी आठ लिहिलं.

लिहिताना मला बरं वाटलं. आता हे कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू विचारलंस. तुझं नाव कुटुंबप्रमुख म्हणून लिहिलं, खाली वहिनी, मुलगे, सून, नात, मग समीक्षा, तन्वी. एकाखाली एक नावं बघून घर भरल्यासारखं वाटलं. बाहेर तू पेपरामागे होतास, पण कागदावर आपण सगळे होतो. एरवी समीक्षाच्या आधी गुरूचं नाव यायचं, ते आता नव्हतं, म्हणून तिचं नाव लिहायच्या आधी हात थांबला, तेवढाच.

आता तुझी अट. वाटपावर सही करायची की नाही ते मी बघेन, पण मुलीच्या बदल्यात सही घेणं हा सौदा झाला आणि तो माझ्याच्याने होणार नाही. आणि तुझ्या कागदाची गरजही उरली नाही. परवा कार्यालयात गेले होते. तिथे संस्थेचा ओंकार म्हणून एक अधिकारी आहे, तिशीतला, फोंडाघाटचा. त्याने सांगितलं, सर्वेक्षण करणाऱ्या शिक्षिकेनेच लिहून दिलं की माझी पद्धत चुकली, तर त्या शाळेचे सगळे फॉर्म रद्द करून नव्याने भरतात. मात्र मग त्या शिक्षिकेला नोटीस निघते. "विचार करा बाई," म्हणाला.

विचार करून आज लिहून दिलंय. एकतीसच्या एकतीस.

तुला वाटेल ही आता मोठेपणा दाखवते. तसं नाही. तू कागद दिला असतास तर मी एकट्या तन्वीचा फॉर्म दुरुस्त करून गप्प बसले असते. दत्ताराम शिंकत राहिला असता.

शर्मिला


३० नोव्हेंबर २०२५

दादा,

नोटीस आली. सात दिवसांत खुलासा करा. खुलासा केला. सारिका बाईंनी डबा माझ्यापासून लांब बसून खाल्ला. शेवटी म्हणाल्या, "बाई, सगळ्या तालुक्यानं चतुर्थीतच केलंय. तुमीच एकट्या शान्या?" बाकीच्या शाळांतले शिक्षक आता मला बघून रस्ता बदलतात, कारण त्यांच्याकडेही ओंकार जाणार. वाडीतले लोकही नाराज आहेत. प्रशस्तिपत्र काढून घेतलं ना. आमका भिकारी ठरवलास, असं मला एकाने तिठ्यावर ऐकवलं. ज्याने ऐकवलं त्याच्या मुलीची वह्या-पुस्तकं गेली दोन वर्षं मी आणते.

फेरसर्वेक्षण १३ डिसेंबरला, शनिवारी. ओंकार स्वतः येणार. मी फॉर्मला हात लावायचा नाही.

मला वाटलं होतं, समीक्षा "दोघं" म्हणेल आणि संपलं. तसं नाही. घर नंबर एक, वीजमीटर एक, स्वयंपाकघर एक. म्हणून नियम असा, की जुन्या फॉर्मवरच्या नावांपैकी कमाई असलेल्या कोणी समोर येऊन सांगितलं पाहिजे की आपण या घरातले नाही. कोणी नसेल तर शेजाऱ्यांना विचारायचं. आपली शेजारीण कोण, तर सीताकाकी. मी चाचपून पाहिलं. तिचं म्हणणं, "एकच घर तां. तेंची वाटनी कदी झाली नाय, होवची पन नाय." किती अभिमानाने म्हणाली. तिच्यासाठी हे आपल्या घराचं कौतुक आहे. ओंकारलाही ती हेच सांगणार, आणि तन्वी पुन्हा एकाहत्तरवर जाणार.

तन्वीने कुडाळच्या शाळेच्या प्रयोगशाळेचा फोटो माझ्या फोनवरून शाळेच्या प्रिंटरवर छापून घेतला. वहीच्या कव्हरच्या आत चिकटवलाय. मला दाखवला नाही, मीच बघितला.

माझं कशातच लक्ष लागत नाही सध्या. काल हजेरी घेताना एकाच मुलाचं नाव दोनदा घेतलं.

आणखी एक लिहायचं आहे. भाऊबिजेला मी लिहिलं होतं, की गुरूचं नाव तू मध्ये घातलंस. ते खोटं आहे. तुला खोल्या बांधायच्या होत्या हे खरं, पण किनाऱ्याकडचा तुकडा विकून गुरूचं ऑपरेशन करायचं हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. मला माहीत होतं. इस्पितळात बाकावर बसून समीक्षाने माझा हात धरला होता. "वन्सं, सही करा." मी आबांचं कारण सांगितलं. आबा तसं काही बोलले नव्हते, दादा. शेवटच्या दिवशी आबांनी फक्त पेज मागितली होती. घर एकत्र राहायला हवं होतं ते मला. शाळा वाडीतच असली तरी माहेरपणाला मी वर्षातून दोनदाच येते, आणि आले की मला ते सगळं तसंच्या तसं लागतं, ओटी, माड, तुम्ही दोघं. म्हणून मी गुरूला वाट बघायला लावली आणि वाट बघता बघता तो गेला.

सही केली असती तर तो जगला असता का, डॉक्टरही सांगत नाहीत. पण समीक्षा माझा एक रुपया का घेत नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

तू यावंस असं मी लिहीत नाही. तारीख कळवली.

शर्मिला


११ जानेवारी २०२६

दादा,

यादी लागली. सहा मुलींमध्ये तन्वी तिसरी आहे. गुण सव्वीस.

महिनाभर तुला लिहायला बसत होते आणि उठत होते. आता यादी हातात आहे, तर एकदाचं लिहून टाकते.

आमच्या शाळेत गरजू मुलं चार होती ती आता एकोणीस झाली. दत्तारामला दुसरा गणवेश मिळाला. माझी एक वेतनवाढ रोखली आहे, त्याचं काही नाही. तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे फॉर्म आता पुन्हा भरताहेत, आणि त्याबद्दल मला शिव्या देणाऱ्या शिक्षकांची यादी केली तर तीही सहाच्या वर जाईल.

या पत्रासोबत वाटपाचा कागद आहे. तूच तीन वर्षांपूर्वी पाठवला होतास तो, मी जपून ठेवला होता. सही केली आहे, दोन साक्षीदारांसकट. माझा हिस्सा समीक्षाच्या नावे करायचा आहे, तो कागद मालवणच्या वकिलाकडून वेगळा करून घेते. तिने नाही म्हटलं तर तन्वीच्या नावे. तुला एकच विनंती, विहीर मात्र सामायिक ठेवा. गणपती कुठे बसवायचा ते तू आणि समीक्षा ठरवा. मी विचारणार नाही, बोलावलंत तर येईन.

आता १३ तारखेचं. तू होतास, तुला सांगायला नको, पण तुझी पाठ माझ्याकडे होती आणि मला काय दिसलं ते तुला माहीत नाही.

मला घरात थांबायला मनाई होती, तरी मी मागच्या दाराने आले होते आणि माजघराच्या दाराआड उभी होते. ओंकार दहाला आला. ओटीवर समीक्षा, तन्वी, दगडी गडग्यापलीकडे सीताकाकी कान देऊन. आणि रिक्षा थांबली. तू उतरलास. हातात पिशवीसुद्धा नव्हती. रात्रभर गाडीत बसून आल्याने शर्ट चुरगळला होता. तन्वी "काका" म्हणून उठली तर तू तिला हातानेच बस म्हटलंस.

ओंकारने विचारलं, "आपण?" तू नाव सांगितलंस. त्याने जुना फॉर्म काढला. "कुटुंबप्रमुख म्हणून आपलंच नाव आहे. आपण या घरातले का?"

तू गावात पाय ठेवलास की मालवणीशिवाय बोलत नाहीस. वहिनी त्यावरून तुला किती चिडवतात. त्या दिवशी तू ऑफिसातल्यासारखं बोललास.

"नाही. मी इथला नाही. मी पाहुणा आहे. सकाळी आलो, संध्याकाळच्या गाडीने जाणार."

"नातं?"

"ह्यांचे यजमान माझे भाऊ होते."

"घरखर्चाला काही पाठवता?"

सीताकाकी गडग्यावर कोपर टेकून ऐकत होती. तू तिच्याकडे एकदा पाहिलंस. मला वाटलं, आता तू बदलशील. भावाच्या विधवेला काही पाठवत नाही हे वाडीत तोंडाने कबूल करायचं म्हणजे काय, ते मला कळतं. संध्याकाळपर्यंत ते तिठ्यावर पोचणार होतं, आणि पोचलंच.

"काही नाही," तू म्हणालास.

"ती बंद खोली?"

"माझी आहे. आत फ्रिज वगैरे आहे. ह्यांच्याकडे किल्ली नाही."

ओंकारने सगळं लिहून घेतलं आणि तुझी सही घेतली. र ची शेपूट मला दारातूनसुद्धा दिसली.

मी तुला निष्ठुर म्हणत आले, तीन वर्षं. ह्यांना म्हटलं, चुलत बहिणींना म्हटलं, वाटेत भेटेल त्याला म्हटलं. त्या ओटीवर बसून तू जे केलंस ते मला जमलं नसतं. मी घराचं नाव राखायला एका पोरीची गरिबी खोडली. तू तिच्यासाठी स्वतःचं नाव घालवलंस, आणि मला भेटलाही नाहीस, आणि मला त्याबद्दल काही म्हणायचा हक्क नाही. मी फक्त माफी मागू शकते, ती मागते. तुझी मागते. समीक्षाची मागायला गेले होते, तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, तन्वीच्या दाखल्याला अजून काय काय लागतं. तेवढं बोलली. मला तेवढं पुष्कळ आहे.

पण तुला सांगायचं होतं ते हे. तुझी सही झाली आणि ओंकार विहीर बघायला मागे गेला, तेव्हा तू तसाच बाकाच्या कडेला टेकून बसला होतास. समीक्षा आत आली. मी दाराआड आहे हे तिने पाहिलं. तिने फडताळातून तांब्या-भांडं काढलं, घासलेलंच होतं ते पुन्हा घासलं, पाणी भरलं. मग बशीत गुळाचा खडा ठेवला. तो खडा खाली पडला. तिने दुसरा घेतला.

बाहेर जाऊन तिने ते तुझ्यापुढे ठेवलं आणि पदर सावरून म्हणाली, "पानी घेवा."

जन्मल्यापासून त्या घरात तुला कोणी गूळपाणी दिलं नव्हतं, दादा. तहान लागली की तू आत येऊन कळशीला तोंड लावायचास आणि आईचा मार खायचास. तू त्या बशीकडे बघत राहिलास. मग गूळ तोंडात टाकलास, पाणी प्यालास आणि भांडं दोन्ही हातांनी तिला परत दिलंस, परक्याच्या घरी देतात तसं.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला बाहेर येता आलं नाही. त्या घरात तुला पाहुणा केलं ते मी.

शर्मिला